पाच आणि दहाच्या मध्ये शैलाताई

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काय काय लुटतात याचा मला दांडगा अनुभव आहे. माझ्या स्वयंपाकघरातला एक अख्खा खण चहाच्या गाळण्या, साबणदाण्या आणि कुठल्याच डब्याला न बसणाऱ्या झाकणांनी भरलेला आहे. पण ओटीत बोरं, हातावर तिळगूळ आणि त्यावर मोटारीचा कॅपॅसिटर, हे मला फक्त लखनौत मिळालं. देणारी बाईही जगात एकच असणार. शैलाताई वानखडे!

मी कराडहून नुकतीच इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला आले होते. अलीगंजमध्ये कुणाच्या तरी गच्चीवर आम्हा मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. जानेवारीचं धुकं दुपार झाली तरी हटलेलं नव्हतं, आणि सगळ्या जणी जरीच्या साड्यांवर जाडजूड स्वेटर घालून बसल्या होत्या. तेवढ्यात सलवार-कमीज, पिवळी ओढणी आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू अशी एक उंच बाई पिशवी घेऊन माझ्यासमोर आली.

"नवीन आहेस नं तू? घरी कूलर आहे?"

"आहे, घरमालकांचा आहे."

"मोटार कोणती?"

"काळी," मी म्हटलं.

ती बाई इतकी मोठ्याने हसली की शेजारच्या काकूंच्या हातातला अत्तराचा फाया खाली पडला. मग तिने पिशवीतून एक पांढरा, आगपेटीपेक्षा थोडा मोठा, दोन वायरींची शेपटी असलेला डबा काढला, त्याला रीतसर हळदीकुंकू लावलं आणि माझ्या ओटीत घातला.

"हा चारचा आहे. पंख्यावालीला मी अडीचचा देते, पण तुला चारचा. आणि पाह्य, शोकेसमध्ये ठेवू नको!"

शोकेसमध्ये नाहीच ठेवला. माझ्या सासूबाईंनी तो देवघरात ठेवला. संक्रांतीचं वाण, वर हळदीकुंकू लागलेलं, ते काय स्क्रूड्रायव्हरच्या डब्यात टाकायचं? असं त्या म्हणाल्या, आणि बाळकृष्णाच्या उजव्या हाताला त्याची स्थापना झाली. रोज पूजा व्हायची तेव्हा एक फूल त्यालाही मिळायचं. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा घरमालकांशी कूलरबद्दल वाद घालणं मला सोपं वाटलं, त्यामुळे तो तिथेच राहिला.

सोमवारी संस्थेत गेले तर ही बाई कॉरिडॉरमध्ये शिडीवर! शैलाताई आमच्याच संस्थेच्या देखभाल विभागाच्या इंजिनिअर होत्या. अमरावतीच्या, विजेच्या इंजिनिअर. यजमान हवाई दलात होते, त्यांच्या बदलीबरोबर त्या लखनौला आल्या, आणि यजमान वारल्यावरही इथेच राहिल्या, कपाळावरचं कुंकूही तसंच ठेवलं, एवढंच मला ठाऊक. जास्त विचारलं की त्या म्हणत, "माझी गोष्ट काय ऐकतेस, तुझ्या फ्रीजची ऐक. किती कण्हून राहिला तो!"

कॅपॅसिटर म्हणजे काय हे त्यांनी मला शिडीवरूनच शिकवलं. घरातल्या पंख्याची, पंपाची, कूलरची साधी मोटार असते ना, तिला आपलं आपण उठता येत नाही. तिला सुरुवातीला ढकलायला कुणीतरी लागतं, आणि फिरायला लागल्यावर सांभाळायलाही लागतं. ते सगळं हा डबा करतो. इथले मिस्त्री त्याला कंडेंसर म्हणतात, आणि त्याची ताकद मायक्रोफॅरडमध्ये मोजतात; माझा चारचा म्हणजे चार मायक्रोफॅरडचा. वर्षं जातात, ऊन लागतं, तशी त्याची ताकद कमी होत जाते. पण तो एका दिवसात मरत नाही.

"तेच तर वाईट आहे, वसुधा! एकदम मेला असता तर कोणीही बदलला असता. हा हळूहळू जातो, आणि मोटार बिचारी आपलं ओझं आपणच ओढत बसते, तापते, आणि मग एक दिवस तीच जळते. बंद पडल्यावर बदलणं हे काय काम आहे? ते तर कोणीही करेल."

हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे की बाईंना लॉटरी लागली की काय असं वाटावं. मला तर अशी माणसं भयंकर आवडतात. आपल्या कामाबद्दल ज्याच्या आवाजात चढ येत नाही त्याच्याशी दोन मिनिटांच्या वर बोलायला मला जड जातं.

त्यांची एक लकब होती. बोलता बोलता मध्येच थांबायच्या, मान डावीकडे कलवायच्या आणि वर बघायच्या. कुठला तरी पंखा त्यांना काहीतरी सांगत असायचा. मग वाक्य अर्धं राहायचं, चहा अर्धा राहायचा. एकदा एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. भटजी चौथ्या अध्यायात, साधुवाण्याची नौका बुडालेली, सगळे घामाने निथळतायत, आणि शैलाताई मान कलवून छताकडे बघतायत. मी मनात म्हटलं, आता होणार काहीतरी. झालंच! त्या उठल्या, भटजींना हात जोडले आणि म्हणाल्या, "गुरुजी, नौकेला दोन मिनिटं थांबवा."

पंखा बंद. स्टूल आलं. पर्समधून टेस्टर, मीटर आणि होल्डरला लावलेला एक बल्ब बाहेर निघाला. कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहिलेली असू शकते, म्हणून हात लावायच्या आधी त्या नेहमी ती बल्बमधून काढून टाकत. कुणी मिस्त्री स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून ते काम करताना दिसला तर त्याची धडगत नसे. मीटर बघून त्यांनी मान हलवली, जुना काढला, नवा बसवला, खाली उतरल्या. पंखा असा सुटला की पूजेच्या चौरंगावरची तुळशीची पानं उडून प्रसादात पडली! भटजींनी नौका पुन्हा तरंगवली आणि जाताना दक्षिणा घेण्याआधी शैलाताईंना आपल्या घरच्या पंपाबद्दल विचारलं.

त्यांच्याबरोबर लाटूश रोडवरच्या विजेच्या बाजारात जाणं हा तर मोठा सोहळा. वाणासाठीचे कॅपॅसिटर त्या स्वतःच्या हौसेने घेत, आणि प्रत्येक मोजून घेत. दुकानाच्या काउंटरवर मीटर मांडून बसायच्या, एकेक डबा लावायच्या, नाक मुरडायच्या, बाजूला सारायच्या. मागे गिऱ्हाइकांची रांग लागायची.

"मैडम, भिंडी नहीं है ये, जो एक-एक तोड़ के देख रही हैं," दुकानदार एकदा वैतागून म्हणाला.

"भिंडी कड़ी निकली तो फेंक दूँगी, भैया. ये कमज़ोर निकला तो मोटर फेंकनी पड़ेगी."

दुकानदाराने कपाळावर हात मारला आणि नोकराला हाक दिली, "मैडम के लिए नई पेटी खोल दो. और चाय भी." ती चाय पिताना शैलाताई मला म्हणाल्या, "नवा म्हणजे चांगला, असं कोणी सांगितलं? नव्याचा भरवसा मोजल्यावर."

आता मुद्द्यावर येते, म्हणजे त्या ज्यासाठी संस्थेत प्रसिद्ध होत्या आणि काहींना नकोशाही होत्या त्या गोष्टीवर. दर वर्षी होळीच्या आगेमागे, ऊन तापायच्या आत, त्या संस्थेतल्या सगळ्या मोटारींची फेरी काढत. बरोबर रामसनेही भैया. हे विभागाचे जुने इलेक्ट्रिशियन, तोंडात पान, आणि शैलाताईंबरोबर काम करून करून निम्मं मराठी समजणारे. प्रत्येक कॅपॅसिटर मोजायचा, आणि आकडा त्याच्याच अंगावर चिकटपट्टी लावून लिहायचा. मागच्या वर्षीच्या आकड्याखाली या वर्षीचा.

"लिहिलेल्या ताकदीपेक्षा पाच टक्क्यांपर्यंत कमी भरला तर राहू दे," त्या मला सांगत. "दहाच्या पलीकडे गेला तर विचार करू नको, काढ. फुगला, तेल गळलं, तरी काढ, मोजायलाही बसू नको."

"आणि पाच आणि दहाच्या मधला?"

शैलाताई छातीवर हात ठेवून म्हणायच्या, "मधल्यासाठी मी आहे नं!"

आणि खरंच, त्यांची सगळी गंमत त्या मधल्यांमध्ये होती. तो किती वेगाने उतरतोय? मोटार कुठली, थंड खोलीतली की गच्चीवर तापणारी? ती सतत चालते की दहा वेळा बंद-चालू होते? बंद पडली तर कुणाचं काय जाईल? हे सगळं मनात घोळवून त्या एकेकाचा निकाल लावत, आणि तो लावताना कधी कधी रामसनेहींशी कडाकडा भांडत. एकाच आकड्याचे दोन कॅपॅसिटर, त्यातला एक काढायचा आणि एक ठेवायचा, हे त्यांच्यासारखं कुणालाच जमत नसे.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी असाच एक मधला निघाला, आणि तो निघाला नेमका माझ्या खोलीत.

माझी खोली म्हणजे काचेच्या बाटल्यांत रोपं वाढवायची खोली. मी पानवेलीवर काम करते. आपण विडा खातो त्या पानाची वेल. तिची निरोगी, कीड नसलेली रोपं आम्ही बाटल्यांत तयार करत होतो, आणि पाऊस सुरू झाला की ती आसपासच्या पानमळेवाल्यांना द्यायची होती. कित्येक वर्षांची मेहनत त्या एका खोलीच्या फळ्यांवर उभी होती. वर पांढरे दिवे, आणि दिव्यांची उष्णता बाहेर ओढून नेणारा एक ब्लोअर. लाइट जाऊन परत आली की दिवे आपोआप लागत. ब्लोअरही आपोआप उठे. उठला पाहिजे, एवढंच! दिवे लागले आणि ब्लोअर उठलाच नाही, आणि तेव्हा खोलीत कुणी नसलं, तर जूनच्या उन्हात माझी रोपं बाटल्यांतच शिजली असती.

त्या ब्लोअरचा कॅपॅसिटर चारचा. भरत होता पावणेचार.

"बदला," मी म्हटलं. मला कुठलीही चर्चा नको होती.

"पट्टी पाह्य की त्याची," शैलाताई म्हणाल्या. पट्टीवर कितीतरी वर्षं एकच आकडा होता. पावणेचार, पावणेचार, पावणेचार. "हा उतरूनच नाही राहिला. आला तेव्हापासून असा आहे. आणि स्टोअरमधले नवे पाहिले? मागच्या होळीला चार भरणारे या होळीला पावणेचारवर आले. एका वर्षात! अशा पोट्ट्याला तुझ्या रोपांवर बसवू का?"

विभागाचे प्रमुख सक्सेना साहेब मोठे सज्जन गृहस्थ. त्यांना भांडण नको असायचं. ते म्हणाले, "मैडम, गर्मी सिर पर है. आप पूरा लॉट बदलवा दीजिए, टंटा ख़त्म."

"सर, टंटा ख़त्म नहीं, शुरू होगा. अच्छा माल मँगवाइए, तब तक मैं इसे नहीं छुऊँगी."

चांगल्या मालाची मागणी गेली, आणि सरकारी मागण्या जातात तशी ती कुठेतरी जाऊन बसली. मी शैलाताईंना म्हटलं, तुमच्या वाणातला एक द्या ना. तर त्या केवढ्या भडकल्या! "सरकारी मोटारीला घरचा माल नाही आणि घरच्या मोटारीला सरकारी नाही. नोकरी केली तेवढी अशी केली." मीही चिडले. माझी कित्येक वर्षांची मेहनत यांच्या एका हट्टावर टांगलेली! तुमचं काय, तुम्ही तर एप्रिलअखेर घरी बसणार, असं मी फटकन बोलून गेले.

शैलाताई रागावल्या नाहीत. रामसनेहींकडे बघत म्हणाल्या, "तेच तर! बदलायला हे आहेत. ठरवायला कोण आहे माझ्यामागे? साहेब म्हणतात सगळे बदला, दुसरा कोणी आला की म्हणेल चालतंय तर हात लावू नका. दोघांनाही मोजायचं नाही. मी अमरावतीला जाऊन बसेन, आणि इथून फोन येत राहतील, ताई, मोटार जळली."

मग त्यांनी आपल्या पिवळ्या ओढणीची किनार टरकन फाडली. एक लांब चिंधी काढून ब्लोअरच्या जाळीला बाहेरून बांधली. ब्लोअर चालू होता, त्यामुळे चिंधी हवेत सरळ आडवी राहिली.

"रोज हिच्याकडे पाहायचं. विशेषतः लाइट येते तेव्हा. खाली लोंबत असते, लाइट आली की टणकन उठते. ते उठणं पाहायचं. एवढंच काम तुला."

"किती वेळात उठली पाहिजे?"

"ते मी नाही सांगणार. तू रोज पाहा. तुला आपोआप कळेल."

हे काय उत्तर झालं? पण एप्रिल संपला, सत्काराचा कार्यक्रम झाला, गळ्यात हार घालून शैलाताई वृंदावन योजनेतल्या आपल्या फ्लॅटवर गेल्या, आणि मी राहिले त्या चिंधीपाशी. मी तिच्याकडे बघायला लागले. आधी रागाने, मग भीतीने, आणि मग, सांगायला हरकत नाही, गोडीने! लाइट गेली की मी हातातलं काम टाकून धावायचे. लाइट यायची, आत दिवे लागायचे, ब्लोअर हुंकार भरायचा, चिंधी उसळायची. मे महिना असा गेला. बाहेर लू, म्हणजे इथला भाजून काढणारा वारा, सुटलेली, गुलमोहराखालचा कुत्रासुद्धा हलत नसे, आणि मी जाळीसमोर उभी राहून एका चिंधीवर खूश होत होते. पावणेचारचा पठ्ठ्या उठत होता!

जूनमध्ये एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, लाइट गेली आणि आली. चिंधी उठली. अगदी नीट उठली. पण माझ्या मनात काहीतरी टोचलं. मी पुन्हा ब्लोअर बंद केला, चालू केला. उठली, पण आधी किंचित घुटमळली. काल ती घुटमळत नव्हती. हे मला ठाम माहीत होतं, कसं ते सांगता आलं नसतं.

मी फोन लावला. "शैलाताई, चिंधी घुटमळली."

"आजच?"

"आजच. काल नाही."

"नक्की?"

"नक्की!"

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. बहुतेक बांधलेलं एखादं खोकं असेल, कारण पुढच्या आठवड्यात त्या अमरावतीला बहिणीकडे कायमच्या जाणार होत्या. "आली मी," त्या ओरडल्या, आणि त्या भयानक उन्हात, सगळं शहर ओलांडून, तोंडाला ओढणी गुंडाळून त्यांची स्कूटर आमच्या गेटात शिरली.

सक्सेना साहेब आले, रामसनेही आले. ब्लोअर बंद केला, बल्बचा सोपस्कार झाला, वायर सोडवली. शैलाताईंनी मीटर माझ्या हातात दिलं.

"मी?"

"मग काय मी? मी रिटायर बाई आहे, मला हात लावायचा अधिकार नाही. लाव."

मी टोकं लावली. आकडा थरथरला आणि स्थिर झाला. साडेतीनच्या खाली. जो इतकी वर्षं पावणेचारवर ठाण मांडून बसला होता तो घसरला होता.

"सांग. ठेवायचा की बदलायचा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दहाच्या पलीकडे गेलाच होता, म्हणजे तसं सोपं होतं. पण मला ते आकड्याच्या आधीच कळलेलं होतं, जाळीपाशी.

"बदलायचा."

"केव्हा?"

"आत्ता!"

शैलाताईंनी आनंदाने अशी टाळी वाजवली की रामसनेहींच्या तोंडातलं पान घशात जाता जाता राहिलं. "पाह्यलं का, साहेब? पाह्यलं? पोरीने बरोबर त्या दिवशी पकडला! मले नाही पकडता येत कधी कधी असा!" खूप आनंद झाला की त्यांची वऱ्हाडी अशी उफाळून यायची.

आनंद झाला, पण कॅपॅसिटर? स्टोअरमध्ये तोच फसवा माल. मागणी अजून कुठेतरी बसलेलीच. शैलाताईंनी आपल्याजवळचे सगळे कॅपॅसिटर निघायच्या आधी वाटून टाकले होते. पर्समध्ये एक अडीचचा उरला होता, तो इथे चालणारा नव्हता. लाटूश रोडला जाऊन यायचं तर संध्याकाळ होणार. आणि मला एकदम बाळकृष्ण आठवला.

"शैलाताई! माझं वाण!"

"ते तू कूलरला नाही लावलंस?"

"ते देवघरात आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्या नजरेपेक्षा लाइट गेलेली परवडली असती. मग सक्सेना साहेबांकडे वळल्या. "सर, घर का है. देवघर का है. आप इजाज़त देंगे तो ही लगेगा."

"अरे मैडम," साहेब हात जोडून म्हणाले, "भगवान के घर से आ रहा है, मैं कौन होता हूँ रोकनेवाला? लगाइए, लगाइए."

ब्लोअर जुन्याच कॅपॅसिटरवर पुन्हा चालू केला. रामसनेहींना दिव्यांच्या बटणापाशी उभं केलं: लाइट जाऊन आली आणि ब्लोअर उठला नाही तर सगळे दिवे बंद करायचे. मग शैलाताईंच्या स्कूटरवर मागे बसून मी घरी निघाले. त्या काय चालवत होत्या! गरम वारा तोंडावर थपडा मारत होता, आणि त्या मागे वळून वळून मला विचारत होत्या, "घुटमळली म्हणजे कशी गं? आधी वळली की आधी थरथरली?"

"पुढे बघा, शैलाताई!"

घरी सासूबाई दुपारची वामकुक्षी करत होत्या. मी पाय न वाजवता देवघरापाशी गेले आणि हात घातला, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. "ओवळ्या हातांनी देवाला शिवतेस? आणि ते वाण कुठं नेतेस गं?"

"आई, मोटारीला लावायचंय. रोपं वाचवायचीत."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, दारात उभ्या घामाघूम शैलाताईंकडे पाहिलं. वाण देणारी बाई स्वतःच दारात आलेली! त्यांनी मुकाट्याने वरचं वाळलेलं फूल काढलं, पदराने डबा पुसला, नवीन कुंकवाचं बोट लावलं आणि माझ्या हातावर ठेवला. "रिकाम्या हाती नका जाऊ," त्या शैलाताईंना म्हणाल्या, आणि त्यांच्या हातावर गूळ ठेवला.

परत आलो तेव्हा रामसनेही बटणावर हात ठेवून जसेच्या तसे उभे. "लाइट नहीं गई, मैडम. हमने साँस भी नहीं ली." शैलाताईंनी आधी वाण मोजायला लावलं. देवघरातलं असलं म्हणून काय झालं! चार भरला. बरोबर चार. इतकी वर्षं नुसती फुलं घेत बसलेला, पण दमलेला नव्हता. रामसनेहींनी बसवला, मी पट्टी चिकटवली आणि आकडा लिहिला.

"लावा," मी म्हटलं.

चिंधी उठली नाही, उडाली! जाळीपासून सुटून जाते की काय अशी ताठ झाली आणि फडफडायला लागली. आम्ही चौघं त्या उकाड्यात वेड्यासारखे हसत होतो. शैलाताईंनी जाळीसमोर जाऊन आपल्या ओढणीचं टोक वर धरलं, तेही फडफडलं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांचा कामावरचा हा शेवटचा निकाल, आणि तो त्यांनी लावलेला नव्हता. याचाच त्यांना एवढा आनंद झालेला मी समोर बघत होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

जुना कॅपॅसिटर त्यांनी माझ्या हातात दिला. "देवघरात जागा रिकामी झाली नं? हा ठेव तिथे. खूप केलं ह्याने." तो अजून तिथेच आहे, आणि सासूबाई त्यालाही फूल घालतात.

मी त्यांना गेटापर्यंत सोडायला गेले. पाया पडले, तर म्हणाल्या, "असू दे, असू दे. अमरावतीला ये. तिथे बहिणीच्या घरी पंप आहे, काय आवाज करून राहिला म्हणते." स्कूटर सुरू झाली. पहारेकऱ्याच्या खोलीवरून जाताना मात्र ती हळू झाली. आत एक जुना पंखा फिरत होता. मी मनात म्हटलं, झालं, आता या उतरणार, स्टूल मागणार, घरची बांधाबांध तशीच राहिली तरी चालेल. शैलाताईंनी मान डावीकडे कलवली, तशीच जशी मी शंभरदा पाहिली होती, आणि ऐकलं.

मग त्या उतरल्या नाहीत. वळून माझ्याकडे बघितलं, हसल्या, बोटाने पंख्याकडे दाखवलं आणि तेच बोट माझ्याकडे केलं. स्कूटर गेटाबाहेर पडली, पिवळी ओढणी वळणापर्यंत दिसत राहिली. मी रामसनेहींकडून मीटर आणायला आत वळले.